निंबोळीच्या तेलाचा घरगुती साबण : थंड पद्धतीची कृती, कापणी, मुरवणी व साठवण

सोलापूर जिल्ह्यात बांधावर, विहिरीच्या काठी किंवा देवळाच्या आवारात कडुनिंबाचे झाड नाही, असे गाव क्वचितच आढळेल. ज्येष्ठ-आषाढात या झाडांखाली पिकलेल्या निंबोळ्यांचा सडा पडतो. त्यांपैकी काही निंबोळ्या फवारणीच्या अर्कासाठी वेचल्या जातात, काही व्यापारी नेतात आणि पुष्कळशा पावसाच्या पहिल्या सरींबरोबर चिखलात तुडवल्या जातात. देशात तयार होणाऱ्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप देणे २०१५ साली सक्तीचे झाल्यापासून निंबोळीला मागणी आहे. तथापि ज्या गावी व्यापारी पोहोचत नाही, अथवा वेचलेला माल थोडा असतो, तेथे घरच्या निंबोळीचे तेल काढून त्याचा साबण करणे हा फायद्याचा मार्ग ठरतो. तेल साबणास जाते, पेंड शेतास जाते, आणि वर्षभराच्या साबणाचा खर्च पुष्कळसा वाचतो.

ही कल्पना नवी नाही. १९३४ साली वर्ध्यास स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने, आणि पुढे १९५७ साली स्थापन झालेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने अखाद्य तेलांच्या साबणास उत्तेजन दिले. खाण्याजोगे तेल साबणाच्या कढईत जाऊ नये व रानात वाया जाणारे बी उपयोगास यावे, असा त्यामागचा विचार होता. आजही तो तितकाच ग्राह्य आहे. मात्र इतर ठिकाणची कृती जशीच्या तशी उचलून चालत नाही. सोलापूरचे तेल, विहिरीचे पाणी व येथील हवा या तिन्ही गोष्टी ध्यानात घेऊन ती बेतावी लागते. त्यातच यश व अपयश यांचे रहस्य आहे.

साबण कसा होतो

तेल व दाहक सोडा, म्हणजेच कॉस्टिक सोडा, यांचा पाण्याच्या साहाय्याने संयोग झाला की साबण व ग्लिसरीन असे दोन पदार्थ तयार होतात. या क्रियेस साबणीकरण म्हणतात. कारखान्यात तेल व सोडा कढईत उकळून साबण करतात आणि ग्लिसरीन बहुधा वेगळे काढतात. थंड पद्धतीत चुलीची गरज जवळजवळ लागत नाही. संयोगातून जी उष्णता निर्माण होते तिच्यावरच क्रिया पुरी होते आणि ग्लिसरीन साबणातच राहते. म्हणून हा साबण त्वचेस सौम्य लागतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट असावी. उकळीच्या पद्धतीत माप थोडे चुकले तर कढईत दुरुस्ती करता येते. थंड पद्धतीत मिश्रण साच्यात गेल्यावर ती सोय उरत नाही. सोडा जास्त झाला तर वडी कातडी भाजते. कमी झाला तर तेल मोकळे राहून खवट होते. त्यामुळे या पद्धतीत सर्व कौशल्य वजनकाट्यावर आहे.

तेलांची निवड

प्रत्येक तेलाचा साबण निराळ्या गुणाचा होतो. खोबरेल तेलाचा साबण कठीण होतो व भरपूर फेस देतो. पण केवळ त्याचाच केला तर त्वचा कोरडी पडते. निंबोळीच्या तेलात घट्टपणा देणारी पामिटिक व स्टिअरिक आम्ले मिळून साधारण एक तृतीयांश असतात. म्हणून त्याची वडी बऱ्यापैकी कठीण होते व पाण्यात लवकर विरघळत नाही. मोहाच्या तेलाचाही गुण असाच आहे. करंजाचे तेल त्याहून मऊ साबण देते. एरंडेल थोड्या प्रमाणात घातले असता फेस टिकून राहतो.

करडईविषयी विशेष सांगणे अवश्य आहे, कारण ते या जिल्ह्याचे पीक आहे. सोलापूर येथे १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले, तेव्हापासून रब्बी ज्वारी व करडई ही येथील अभ्यासाची महत्त्वाची पिके राहिली आहेत. तेल घरचे म्हणून त्याचाच साबण करावा असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ते योग्य नाही. नेहमीच्या करडई तेलात लिनोलिक आम्ल सुमारे तीन चतुर्थांश असते. अशी तेले हवेतील प्राणवायू शोषून सुकतात. करडईचे तेल आटवून कापडावरील रंगकामासाठी रोगण करीत, ते याच गुणामुळे. रंगास उपकारक असा हा गुण साबणास अपकारक ठरतो. वडी मऊ राहते व काही महिन्यांत तिच्यावर नारिंगी डाग पडून खवट वास येतो. म्हणून करडई तेल एकूण तेलाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त घेऊ नये.

निंबोळीचे तेल मिळवणे

पिकून पिवळ्या झालेल्या निंबोळ्या रोजच्या रोज वेचाव्यात. एक-दोन दिवसांत त्या पाण्यात चोळून गर काढावा, बी स्वच्छ धुवावे व सावलीत पातळ पसरून पूर्ण वाळवावे. ओले बी पोत्यात भरल्यास बुरशी धरते, गर काळा पडतो व तेल गडद आणि उग्र निघते. वाळलेले बी गोणपाटाच्या पोत्यात, हवेशीर जागी ठेवावे. बियांच्या आतील गरात वजनाच्या सुमारे ४० टक्के तेल असते; घाण्यावर त्यातील काही भाग पेंडीत राहतो. काढलेले तेल ८ ते १० दिवस स्थिर ठेवून वरचे निवळ तेल जाड कापडातून गाळून घ्यावे. गाळ राहिल्यास साबणास डाग पडतात.

निंबोळीचे तेल पोटात घेण्याचे नाही. लहान मुलांना ते विषारी ठरते. बाटलीवर ठळक नाव लिहून ती स्वयंपाकघराबाहेर ठेवावी.

सोड्याचे माप

प्रत्येक तेलास लागणारा सोडा निश्चित असतो. १०० ग्रॅम तेलाचे पूर्ण साबणीकरण होण्यास लागणारा शुद्ध कॉस्टिक सोडा सामान्यतः पुढीलप्रमाणे धरावा :

खोबरेल तेल – १८.३ ग्रॅम
निंबोळी तेल – १३.८ ग्रॅम
करडई तेल – १३.६ ग्रॅम
शेंगदाणा तेल – १३.६ ग्रॅम
मोहाचे तेल – १३.६ ग्रॅम
करंज तेल – १३.३ ग्रॅम
एरंडेल – १२.८ ग्रॅम

या आकड्यांवरून हिशेब कसा करावा ते उदाहरणाने पाहू. अंगाच्या साबणासाठी १ किलो तेलाचे मिश्रण असे घ्यावे : खोबरेल ३५० ग्रॅम, निंबोळी ३५० ग्रॅम, करडई २०० ग्रॅम व एरंडेल १०० ग्रॅम. त्यांस अनुक्रमे ६४.०५, ४८.३, २७.२ व १२.८ ग्रॅम सोडा लागतो. बेरीज १५२.३५ ग्रॅम येते. इतका सोडा घेतल्यास सर्व तेल संपते व चुकीस जागाच राहत नाही. म्हणून त्यातून ५ टक्के वजा करावेत. उत्तर १४४.७ ग्रॅम येते. अपूर्णांक सोडून १४४ ग्रॅम घ्यावे. उरलेले थोडे तेल साबणात मोकळे राहते व त्वचेचे रक्षण करते.

सौम्य साबण व दाहक साबण यांतील सारे अंतर येथे अवघ्या ८ ग्रॅमचे आहे, म्हणजे साधारण दोन चहाच्या चमच्यांचे. यावरून वाटीने, चमच्याने किंवा अंदाजाने माप का घेऊ नये, हे कळून येईल. तेलही लिटरने न मोजता वजनानेच घ्यावे. एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा वापरावा आणि एका वेळी निदान अर्धा किलो तेलाचा घाणा करावा. याहून लहान घाण्यात काट्याची किंचित चूकही मोठी ठरते.

कपडे धुण्याच्या साबणासाठी निंबोळी तेल ७०० ग्रॅम व खोबरेल ३०० ग्रॅम घ्यावे. पूर्ण हिशेब १५१.५ ग्रॅम येतो. त्यातून ३ टक्के वजा करून १४६ ग्रॅम सोडा घ्यावा. तेल बदलले की हिशेब पुन्हा करावा. एका मिश्रणाचे माप दुसऱ्यास लावू नये.

सोडा शुद्ध, कोरड्या पापुद्र्यांचा किंवा दाण्यांचा असावा. तो हवेतील ओल व कर्बवायू शोषून निकामी होतो. म्हणून घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बरणीत ठेवावा. गोळे झालेला सोडा घेऊ नये. मोरी मोकळी करण्याच्या तयार चूर्णात इतर द्रव्ये मिसळलेली असतात; तेही वापरू नये. धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा किंवा पापडखार यांनी हे काम होत नाही.

पाणी

जिल्ह्यातील अनेक विहिरी व कूपनलिका यांचे पाणी जड आहे. त्यातील चुना व मॅग्नेशियम यांचे क्षार साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट साका तयार करतात. बादलीच्या कडेस बसणारा पांढुरका थर तोच होय. साबण करताना असे पाणी वापरल्यास काही साबण आरंभीच वाया जातो. पावसाळ्यात पहिले दोन पाऊस छप्पर धुऊन गेल्यावर पागोळीचे पाणी स्वच्छ भांड्यात धरून, गाळून साबणासाठी राखून ठेवावे. ते नसल्यास ऊर्ध्वपातित पाणी विकत घ्यावे. १ किलो तेलास ३०० ग्रॅम पाणी पुरते.

सावधगिरी

कॉस्टिक सोडा कातडी, डोळे व अन्ननलिका यांस गंभीर इजा करतो. पुढील नियमांत कोणतीही सवलत घेऊ नये.

काम अंगणात किंवा पडवीत, वारा पाठीमागून येईल असे बसून करावे. मुले व जनावरे दूर असावीत. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, अंगात लांब बाह्यांचे सुती कपडे व पायांत पादत्राणे असावीत. पदर व ओढणी खोचून घ्यावी.

भांडी पोलादाची (स्टेनलेस स्टीलची) अथवा जाड प्लॅस्टिकची असावीत. ॲल्युमिनियमच्या भांड्यास सोडा खातो व त्यातून पेट घेणारा वायू निघतो. तांब्या-पितळेमुळे साबण लवकर खवट होतो. काचेचे भांडे उष्णतेने तडकण्याचा संभव असतो. साबणाची भांडी पुन्हा स्वयंपाकास घेऊ नयेत.

सोडा नेहमी पाण्यात टाकावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. तसे केल्यास मिश्रण एकदम उसळून अंगावर येते. सोड्याचे पाणी साध्या पाण्यासारखेच दिसते. ते पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत क्षणभरही ठेवू नये.

अंगावर थेंब उडाल्यास तो भाग वाहत्या पाण्याखाली १५ ते २० मिनिटे धुवावा. लिंबू किंवा व्हिनेगर चोळत बसू नये. डोळ्यांत गेल्यास पापण्या उघड्या धरून तितकाच वेळ पाणी सोडावे व ताबडतोब दवाखान्यात न्यावे. चुकून पोटात गेल्यास तोंड धुवावे, उलटी मुळीच करवू नये व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. काम सुरू करण्यापूर्वी पाण्याची भरलेली बादली व तांब्या हाताशी असावा.

कृती

१. साचा प्रथम तयार करावा. लाकडी खोक्यास आतून मेणकागद किंवा जाड प्लॅस्टिक लावावे. १ किलो तेलाच्या घाण्याचे मिश्रण सुमारे दीड किलो भरते.

२. ३०० ग्रॅम पाणी पोलादी भांड्यात घेऊन त्यात १४४ ग्रॅम सोडा थोडा थोडा टाकत लाकडी दांड्याने ढवळावा. पाणी अतिशय तापते व तिखट वाफ येते. तोंड बाजूस ठेवावे. पाणी निवळ झाल्यावर ते झाकून, कोणाचा हात लागणार नाही अशा जागी थंड होऊ द्यावे.

३. तेले वजन करून एकत्र करावीत. थंडीत खोबरेल गोठलेले असते, तेवढ्यापुरती मंद ऊब द्यावी. उन्हाळ्यात तीही लागत नाही.

४. सोड्याचे पाणी व तेल दोन्ही ४० ते ४५ अंश सेल्सियसपर्यंत आली, म्हणजे भांड्यास बाहेरून हात लावता कोमट लागली, की सोड्याचे पाणी बारीक धारेने तेलात सोडावे व एकसारखे ढवळत राहावे.

५. प्रथम मिश्रण पातळ व तेलकट दिसते. हळूहळू ते दुधाळ होऊन पिठल्यासारखे दाट होते. ढवळण्याच्या दांड्याने वरून ओघळ सोडला असता त्याची रेघ पृष्ठभागावर क्षणभर टिकली, म्हणजे मिश्रण साच्यायोग्य झाले असे समजावे. हाताने ढवळल्यास यास अर्धा ते एक तास लागतो. विजेच्या घुसळणीने काही मिनिटांत होते. रेघ दिसण्यापूर्वी ओतल्यास तेल व सोडा वेगळे होतात.

६. सुवास हवा असल्यास गवती चहाचे तेल १५ ते २० ग्रॅम या वेळी मिसळावे. हळद घालावयाची असल्यास चिमूटभरच घालावी. सोड्याच्या संयोगाने ती तांबूस होते. हळद व चुना यांपासून कुंकू होते त्यातलाच हा प्रकार आहे. दूध, बेसन किंवा मध नवशिक्याने घालू नये.

७. मिश्रण साच्यात ओतावे, साचा दोन-तीनदा हलकेच आपटून हवेचे बुडबुडे काढावेत व फळी झाकावी.

साच्यातही क्रिया चालू असते व मिश्रण पुन्हा तापते. थंडीच्या दिवसांत साच्यावर घोंगडी किंवा चादर घालून ही ऊब राखावी. चैत्र-वैशाखात मात्र, जेव्हा सोलापूरची हवा चाळिशीच्या पुढे जाते, तेव्हा काहीही पांघरू नये. अन्यथा साबण फुगून मधोमध तडकतो. सर्वांत सोयीचा काळ कार्तिक ते माघ हा होय. आषाढात वेचलेली निंबोळी तोवर वाळून, गाळून तेलरूपाने हाती आलेली असते आणि हवाही कोरडी असते.

भांड्यास चिकटलेला ओला साबण लगेच धुऊ नये. भांडे एक दिवस बाजूस ठेवल्यास त्याचा साबण होतो व ते सहज निघते.

कापणी

२४ ते ४८ तासांनी साबण साच्यातून काढावा. बोट दाबले असता ठसा उमटेल पण बोट आत जाणार नाही, ताज्या खव्याच्या गोळ्याइतका घट्टपणा असेल, तेव्हा तो कापण्यास योग्य समजावा. लवकर कापल्यास वड्या वाकतात. चार-पाच दिवस थांबल्यास कडा तुटतात. ताणलेल्या पोलादी तारेने काप स्वच्छ येतो, सुरीही चालते. वडी अडीच सेंटिमीटर जाड व सर्व वड्या सारख्या असाव्यात, म्हणजे त्या एकाच वेळी मुरतात. या अवस्थेत साबण अजून तीव्र असतो. म्हणून कापतानाही हातमोजे घालावेत.

मुरवणी

कापलेली वडी साबणासारखी दिसते. पण ती वापरायोग्य नसते. साबणीकरण बहुतांशी पहिल्या दोन दिवसांत होते, उरलेले पुढे सावकाश पुरे होते. त्याचबरोबर वडीतील पाणी उडून जाते व साबणाची घडण घट्ट होते. यास ४ ते ६ आठवडे लागतात. लोणचे मुरण्यापूर्वी बरणी फोडू नये, तसेच येथेही समजावे. घाईने वापरलेली वडी त्वचेस तीव्र लागते व चार दिवसांत विरघळून जाते. तीच वडी मुरल्यावर कितीतरी अधिक दिवस पुरते.

वड्या बांबूच्या कामटीच्या किंवा लाकडी पट्ट्यांच्या मांडणीवर, एकमेकींस न चिकटता, सावलीत व वाऱ्यावर ठेवाव्यात. उन्हात ठेवू नयेत. उन्हाने तेलाचा अंश खवट होतो. लोखंडी जाळीवर ठेवल्यास गंजाचे डाग पडतात. दर आठवड्यास वड्या उलटाव्यात. मांडणीवर घाण्याचा दिनांक व तेलांची वजने लिहून ठेवावीत.

मुरवणी पुरी झाली की नाही, हे काट्यावर कळते. दोन वड्यांवर खूण करून दर आठवड्यास त्यांचे वजन लिहावे. आरंभी वजन झपाट्याने उतरते, मग घट मंदावते. लागोपाठच्या दोन आठवड्यांत वजनात फारसा फरक पडला नाही, म्हणजे वडी मुरली. सोलापूरची हिवाळी कोरडी हवा या कामी मोठी अनुकूल आहे. कोकणातील दमट हवेत याच कामास अधिक दिवस लागतात.

पारख

वापरण्यापूर्वी प्रत्येक घाण्याची पारख करावी. एक वडी मधोमध चिरून पाहावी. आत पाण्याचे खळगे किंवा पांढरे काचेसारखे खडे दिसल्यास तो सोडा असू शकतो. असा घाणा वापरू नये. रसायनांच्या दुकानात फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण मिळते. त्याचा थेंब ताज्या कापावर टाकला असता गडद गुलाबी रंग आला, तर मोकळा सोडा शिल्लक आहे असे समजावे. असा साबण आणखी दोन आठवडे मुरवून पुन्हा तपासावा. तरीही रंग गडदच आल्यास अंगास लावू नये. जीभ लावून पाहण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती धोक्याची असल्याने टाळावी.

वरच्या पृष्ठभागावर कधी पांढरी पातळ भुकटी येते. हवेतील कर्बवायू व सोडा यांच्या संयोगाने ती होते. ती खरवडून काढली असता आतील साबण उत्तम असतो. वडीच्या पोटातील खडे व वरची ही भुकटी यांत गल्लत करू नये.

साठवण

मुरलेली वडी साध्या कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या किंवा लाकडी खोक्यात ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधल्यास उरलेली ओल आत कोंडते. घरगुती साबणात ग्लिसरीन असल्याने तो दमट हवेत ओल ओढून घेतो व त्यास घाम सुटल्यासारखा दिसतो. जिल्ह्यात पावसाचा जोर सप्टेंबरात सर्वाधिक असतो. त्या सुमारास खोकी भिंतीस न टेकवता फळीवर ठेवावीत व उघडीप पडताच वड्या वाऱ्यावर घालाव्यात. घाम पुसून वडी सुकवली की ती पूर्ववत होते.

साबण धान्य, चहा किंवा पिठाजवळ ठेवू नये. निंबोळीचा वास त्यांस लागतो. उंदीर साबण कुरतडतात, म्हणून झाकण पक्के असावे. आधी केलेला घाणा आधी वापरावा व वर्षाच्या आत संपवावा. नारिंगी डाग पडलेल्या वड्या लगेच वेगळ्या काढून कपड्यांसाठी वापराव्यात.

सामान्य दोष व उपाय

साच्यात तेल वर तरंगते : ढवळणे अपुरे झाले. हातमोजे घालून मिश्रण पुन्हा भांड्यात घेऊन रेघ दिसेपर्यंत ढवळावे.

वडी आठवड्यानंतरही मऊ : पाणी किंवा करडई तेल जास्त झाले, अथवा सोडा जुना व ओलसर होता. आणखी काही आठवडे सुकू द्यावे व पुढील घाण्यात माप सुधारावे.

वडी ठिसूळ व भुगा होणारी : सोडा जास्त झाल्याचा संशय घ्यावा. पारख केल्याशिवाय वापरू नये.

साबणाचा साका होतो, फेस येत नाही : साबणापेक्षा पाण्याचा दोष असण्याचा संभव अधिक. साठवलेल्या पावसाच्या पाण्यात तोच साबण लावून पाहावा.

शेतातील उपयोग

पाच टक्के निंबोळी अर्क करताना ५ किलो निंबोळी चूर्ण ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवतात व २०० ग्रॅम साबणाचा चुरा १ लिटर पाण्यात वेगळा विरघळवतात. सकाळी अर्क गाळून त्यात साबणाचे पाणी मिसळतात व एकूण १०० लिटर द्रावण करून फवारतात. साबणामुळे अर्कातील तेलाचा अंश पाण्यात मिसळून राहतो व द्रावण पानावर पसरते. घरचा, पूर्ण मुरलेला साबण या कामी उपयोगी पडतो. मोकळा सोडा असलेला साबण वापरल्यास कोवळी पाने करपतात. म्हणून येथेही पारख आवश्यक आहे. साबण विरघळवण्यास शक्यतो हलके पाणी घ्यावे. तेल काढून उरलेल्या पेंडीत ४ ते ५ टक्के नत्र असते; ती पेरणीपूर्वी शेतात मिसळावी.

हिशेब व विक्री

खर्च मांडताना विकतचे तेल, सोडा, घाणेकऱ्याची मजुरी, सुवास व कागद हे सर्व धरावे. निंबोळी वेचण्याच्या मजुरीसही मोल द्यावे. दुसऱ्या बाजूस मुरलेल्या साबणाचे वजन धरावे, ओल्या साबणाचे धरू नये. दीड किलोच्या जवळ भरलेला घाणा मुरल्यावर सुमारे सव्वा किलो राहतो. निंबोळी तशीच विकून काय मिळाले असते, तेही शेजारी लिहावे. अशी वही दोन वर्षे ठेवल्यास कोणता मार्ग फायद्याचा हे आपोआप दिसून येईल.

घरच्या वापरासाठी साबण करण्यास परवाना लागत नाही. अंगाचा साबण विक्रीसाठी करणे मात्र सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांच्या कक्षेत येते व त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाचा परवाना घ्यावा लागतो. महिला बचत गटांनी हा उद्योग आरंभण्यापूर्वी जिल्हा उद्योग केंद्र व खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करावी. निंबोळीचा साबण औषध म्हणून विकू नये. खरूज, नायटा अशा विकारांवर वैद्यकीय सल्लाच घ्यावा.

प्रथम वर्षी एका कुटुंबाने एक किलो तेलाचा एकच घाणा करून पाहावा, त्याची नोंद ठेवावी व त्या अनुभवावरून पुढील निंबोळीच्या हंगामात किती बी वेचावयाचे ते ठरवावे.